पेसमेकर ओपीडी, मुंबई नाका: विशी-तिशीतल्या पेशंटने काय मागून घ्यावं

नाशिकमध्ये पेसमेकर बसवून मिळणं आता अवघड राहिलेलं नाही. बसवल्यानंतर तो वर्षानुवर्षं नीट लावून ठेवणारी जागा शोधावी लागते. मुंबई नाक्याजवळच्या एका खासगी हॉस्पिटलात ठरलेल्या दिवशी चालणाऱ्या तपासणी ओपीडीबद्दल हे लिहितोय, तेही तरुण पेशंट डोळ्यांसमोर ठेवून. जन्मजात हार्ट ब्लॉक (हृदयाच्या वरच्या कप्प्यातला विद्युत संदेश खालच्या कप्प्यापर्यंत नीट न पोहोचणं) असेल किंवा लहानपणी हृदयातलं छिद्र बंद करताना ब्लॉक झाला असेल, तर शाळा-कॉलेजच्या वयातही पेसमेकर लागतो. सत्तरीतल्या आजोबांना जी सेटिंग्ज छान चालतात, ती या मुलांना पुरत नाहीत.

आधी व्यवहाराचं. प्रत्येक कंपनीचा प्रोग्रॅमर, म्हणजे बसवलेलं मशीन बाहेरून वाचणारं आणि सेटिंग बदलणारं यंत्र, फक्त स्वतःच्याच कंपनीचं मशीन वाचतो, आणि कंपन्यांचे टेक्निशियन वेगवेगळ्या दिवशी येतात. म्हणून फोनवर नुसतं ‘पेसमेकर चेकिंग कधी’ असं न विचारता पेसमेकरसोबत मिळालेल्या कार्डावरचं कंपनीचं नाव सांगून दिवस पक्का करा. कार्डावर जनरेटरचं (बॅटरी असलेलं मुख्य मशीन) आणि प्रत्येक लीडचं (मशीनपासून हृदयात जाणारी वायर) मॉडेल, सिरियल नंबर आणि बसवल्याची तारीख असते. त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि घरातल्या एकाला पाठवून द्या. पुढे एमआरआयची वेळ आली तर नुसतं मशीन एमआरआयला चालणारं असून भागत नाही. मशीन आणि लीड मिळून जी जोडी होते ती एमआरआयसाठी मान्य असावी लागते, आणि ते या नंबरांवरूनच कळतं.

तपासणी चांगली होते, हे मोकळेपणाने सांगायला हवं. छातीला ईसीजीचे स्टिकर लावतात, मशीनवर प्रोग्रॅमरचा हेड ठेवतात आणि बॅटरी, लीडचा रेझिस्टन्स, सेन्सिंग (हृदयाचे स्वतःचे ठोके मशीनला कळतात का), थ्रेशोल्ड असं क्रमाने बघतात. रेझिस्टन्स मागच्या वेळेपेक्षा एकदम खूप वाढला तर वायर तुटल्याची किंवा जोड सैल झाल्याची शंका घेतात. एकदम घसरला तर वायरवरचं आवरण फाटल्याची. एका आकड्यावरून काही ठरत नाही, मागच्या प्रिंटशी ताडून बघावं लागतं. इथला टेक्निशियन जुना प्रिंट मागतो, ही जमेची बाजू. हृदयाचा स्वतःचा ठोका किती शिल्लक आहे हे बघताना वेग खाली आणतात, तेव्हा क्षणभर गरगरतं. ‘आता जरा वेगळं वाटेल’ असं आधी सांगितलं जातं. हे सगळीकडे होत नाही.

थ्रेशोल्ड म्हणजे हृदयाचा ठोका पडायला लागणारा कमीत कमी व्होल्टेज. लीड नवी असताना पहिले काही आठवडे तो वर जातो, म्हणून सुरुवातीला आउटपुट, म्हणजे मशीन देतं तो व्होल्टेज, मुद्दाम जास्त, बहुधा साडेतीन व्होल्टच्या आसपास ठेवतात. तीनेक महिन्यांनी थ्रेशोल्ड स्थिरावला की त्याच्या दुप्पट ठेवलं तरी सुरक्षित असतं. साडेतीनवरून अडीच व्होल्टवर आणलं की एका ठोक्यामागची ऊर्जा जवळपास निम्मी होते, कारण ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात खर्च होते. बॅटरी साधारण आठ ते बारा वर्षं जाते. पंचविशीतल्या माणसाला आयुष्यात अनेकदा जनरेटर बदलावा लागणार, आणि दर वेळी खिसा (कातडीखाली मशीन ठेवलेली जागा) पुन्हा उघडला की इन्फेक्शनची जोखीम येते. त्यामुळे वाचलेलं एकेक वर्ष मोलाचं. ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्टॉकहोममध्ये ज्यांच्या शरीरात पहिला पेसमेकर बसवला, ते आर्ने लार्सन तेव्हा ४३ वर्षांचे होते. अनेक मशीनं बदलत ते २००१ पर्यंत जगले. आउटपुट आपोआप जुळवून घेणारी सोय तुमच्या मशीनमध्ये असेल तर ती चालू आहे का, तेवढं विचारा. नसेल तर तिसऱ्या महिन्याची तपासणी चुकवू नका.

आता या ओपीडीची खरी उणीव. पूर्ण ब्लॉक असलेल्या तरुण पेशंटमध्ये वरचा कप्पा स्वतः पळतो आणि मशीन त्याच्यामागे खालच्या कप्प्याला पळवतं. किती वेगापर्यंत पळवायचं याला मर्यादा असते, तिला अप्पर ट्रॅकिंग रेट म्हणतात. तो १२० किंवा १३० वर असेल आणि कुणी हात लावला नसेल, तर पांडवलेणीच्या पायऱ्या चढताना दम लागून माणूस मध्येच थांबतो आणि घरच्यांना वाटतं, हृदय कमजोर झालं. हृदयाला काही झालेलं नसतं. दुसरी मर्यादा दोन वेळांच्या बेरजेतून येते: एव्ही डिले, म्हणजे वरच्या ठोक्यानंतर खालचा ठोका देण्याआधी मशीन थांबतं तो वेळ, आणि पीव्हीएआरपी, म्हणजे खालच्या ठोक्यानंतर मशीन वरच्या कप्प्याकडे दुर्लक्ष करतं तो वेळ. एव्ही डिले २०० मिलिसेकंद आणि पीव्हीएआरपी ३०० मिलिसेकंद धरा. बेरीज ५००, आणि ६०,००० भागिले ५०० म्हणजे १२०. वरच्या कप्प्याचा वेग १२० च्या वर गेला की मशीनला एकाआड एक ठोका दिसेनासा होतो आणि नाडी १२० वरून थेट साठीवर येते. याला २:१ ब्लॉक म्हणतात. एव्ही डिले १२० आणि पीव्हीएआरपी २३० केला तर ही दुसरी मर्यादा १७० च्या पुढे जाते, मगच अप्पर रेट वाढवण्याला अर्थ. हे आकडे गणित समजण्यापुरते. तुमचे किती ठेवायचे ते डॉक्टरच ठरवतील.

ओपीडीत हे आपणहून कुणी विचारत नाही. पेशंट खुर्चीत बसलेला, नाडी सत्तर, सगळं ‘नॉर्मल’. आपण विचारलं की मात्र मनापासून करतात: जिन्यावरून दोन-तीनदा वर-खाली करायला लावतात, लगेच पुन्हा हेड ठेवतात, वेगाचा आलेख बघून बदल करतात. म्हणून केसपेपर काढतानाच सांगा, ‘चढताना अचानक पाय गळतात, अप्पर रेट बघायचा आहे.’ पायात चपला नकोत, बूट असू द्या.

सायनस नोडचा, म्हणजे हृदयाचा वेग ठरवणाऱ्या जागेचा, आजार असलेल्यांचं गणित वेगळं. त्यांचा वेग मशीनमधला हालचालीचा सेन्सर वाढवतो. त्र्यंबक रोडला सायकलवर घाम गाळला तरी धड फारसं हलत नाही, त्यामुळे सेन्सरला ते कष्ट कळतच नाहीत. उलट खड्ड्यांच्या रस्त्यावर टू-व्हीलरवर नुसतं बसलं तरी वेग वाढू शकतो. नाशिक ढोलच्या पथकात वाजवणाऱ्यांनी हे मुद्दाम सांगावं, शिवाय ढोलाचा पट्टा मशीनच्या बाजूच्या खांद्यावर घेऊ नये.

हातात मिळणारं सूचनापत्रक सगळ्यात कच्चं. त्यात ‘मोबाइल दूर ठेवा, जड उचलू नका’ एवढंच. खरं तर असं हवं: मोबाइल मशीनपासून १५ सेंटीमीटर लांब, शर्टाच्या वरच्या खिशात नाही, कानाला लावायचा तो दुसऱ्या बाजूच्या. इंडक्शन शेगडीपासून दोन फूट. डीजेच्या भिंतीला टेकून उभं राहायचं नाही, स्पीकरमध्ये मोठं मॅग्नेट असतं. मॉलच्या दारातल्या किंवा ओझर विमानतळावरच्या मेटल डिटेक्टरमधून सरळ चालत जायचं, मध्ये थांबायचं नाही. सातपूर-अंबडमध्ये वेल्डिंग करणाऱ्यांना तर पत्रकात ओळही नाही. त्यांनी पेसमेकरच्या कंपनीकडून लेखी मर्यादा मागावी. करंट साधारण १६० अँपिअरच्या खाली, दोन्ही केबल एकमेकींना लागून (वेटोळं करून नाही) आणि अंगापासून लांब, अर्थिंगचा क्लॅम्प जोडाच्या जवळ.

हाताबद्दलही अर्धवट लिहिलंय. पहिले चार ते सहा आठवडे कोपर खांद्याच्या वर न्यायचं नाही, हे बरोबर. पण भीतीने हात बांधून ठेवला तर खांदा आखडतो. खांद्याखालची हालचाल पहिल्या दिवसापासून हवी. पुढे जिममध्ये पुल-अप्स आणि जड बेंच प्रेस विचारूनच, कारण कॉलर बोन आणि पहिली बरगडी यांच्यात लीड वारंवार चिरडली जाते. कारमध्ये मशीन डावीकडे असेल तर ड्रायव्हरशेजारच्या सीटचा बेल्ट नेमका त्यावर येतो. पट्ट्याखाली मऊ घडी घाला, बेल्ट काढू नका.

मुलींसाठी एक गैरसोय: पडदा आहे, पण अपुरा. पुढून उघडणारा कुर्ता घालून जा आणि नर्सला आत थांबायला सांगा, त्या थांबतात.

घरी ठेवायच्या मॉनिटरची नोंदणी इथे करून देतात. उशापासून दोन-तीन मीटरच्या आत ठेवला की तो रात्री माहिती पाठवतो. तो ॲम्ब्युलन्स बोलावत नाही, हे नीट समजून घ्या. चक्कर येऊन पडलात, खिशावर सूज, लाली किंवा पाणी आलं, ताप उतरत नसेल किंवा उचक्या थांबत नसतील, तर ओपीडीच्या दिवसाची वाट न बघता सरळ कॅज्युअल्टीत जा. रात्री तिथे प्रोग्रॅमर नसतो, म्हणून कार्ड आणि शेवटच्या तपासणीचा प्रिंट सोबत न्या. तो प्रिंट इथे मागितल्याशिवाय देत नाहीत, तेव्हा टेबलावरून उठण्याआधी मागून घ्या.