१९६६ ची एमजीबी: फाइल खरी, गाडी दुसरीच

यूकेत जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार घ्यायच्या विचारात असलेल्या आपल्या लोकांसाठी लिहितोय. जरा लांब आहे पण पूर्ण वाचा, माझे साडेचौदा हजार पाउंड गेलेत.

मी कोव्हेंट्रीजवळ राहतो. एमजीबी रोडस्टर, म्हणजे एमजी कंपनीची उघड्या टपाची दोन सीटची गाडी, घ्यायची हे कित्येक वर्षं डोक्यात होतं. १९६२ ते १९८० या गाड्या ॲबिंग्डनला बनल्या, १७९८ सीसीचं इंजिन, पार्ट आजही मिळतात, सुट्टीच्या दिवशी घरी पाना घेऊन काम करता येतं, म्हणून पहिली क्लासिक घेणाऱ्याला सगळे हीच सुचवतात. मला मात्र क्रोम बंपरवालीच हवी होती, १९७४ नंतर अमेरिकेच्या नियमांमुळे काळे रबर बंपर आले आणि गाडी उंच केली ती नको होती.

जाहिरात दिसली, १९६६, लाल, नवी घेतल्यापासून एकाच घरात. विकणारा म्हणाला काका वारले, माझ्याकडे ठेवायला जागा नाही. आणि फाइल तर अशी की बघत राहावं. खाकी रंगाचं जुनं लॉगबुक (गाडीच्या नोंदणीचं पुस्तक), गॅरेजची हाताने लिहिलेली बिलं, सत्तर-ऐंशीतली एमओटीची (गाडी रस्त्यावर चालवायला ठीक आहे का त्या वार्षिक तपासणीची) सर्टिफिकेटं, आणि एक ब्लॅक अँड व्हाइट फोटो, समुद्रकिनारी बॉनेटला टेकून उभं तरुण जोडपं, नंबर प्लेट स्पष्ट वाचता येते. त्या फोटोनेच मी विरघळलो. गाडीपेक्षा फाइलच मी जास्त वेळ बघत बसलो होतो.

हिने तेव्हाच विचारलं होतं की गाडी लॉगबुकवरच्या पत्त्यावर का नाही, गावाबाहेरच्या शेडमध्ये का दाखवतोय. तो म्हणाला घराला गॅरेज नाही. इंजिन नंबर जुळत नव्हता, तर म्हणाला काकांनी ऐंशीच्या सुमारास बदललं, आणि या गाड्यांत ते सर्रास होतं म्हणून मीही मान डोलावली. टेस्ट ड्राइव्हला चालत्या गाडीत पहिला गिअर अगदी अलगद पडला आणि मी खूश झालो. खरं तर तिथेच सावध व्हायला हवं होतं, कारण १९६६ च्या गिअरबॉक्समध्ये पहिल्या गिअरला सिंक्रो (चालत्या गाडीत गिअर अलगद पडावा म्हणून असलेली यंत्रणा) नसतो, चालत्या गाडीत टाकला की करकरतो.

पैसे बँकेतून ट्रान्सफर केले. महिन्याभराने दाराखालच्या पट्टीचा, म्हणजे सिलचा, रंग फुगलेला दिसला. फ्रिजवरचं गणपतीचं मॅग्नेट रुमालात धरून सिलवरून फिरवलं, वीतभर जागेत ते चिकटेचना, नुसती पुट्टी. एमजीबीला वेगळी चासी नसते, सिलच गाडीचा भार पेलतात, त्यामुळे तसाच एका जाणकार मेकॅनिककडे घेऊन गेलो.

त्याने कार्पेट उचललं आणि मिनिटभर काहीच बोलला नाही. सीटांच्या मधला टनेल, म्हणजे खाली गिअरबॉक्स बसतो तो उंचवटा, रुंद होता. १९६७ च्या शेवटी मार्क टू ही सुधारित एमजीबी आली तेव्हा चारही गिअरला सिंक्रो असलेला नवा गिअरबॉक्स मावावा म्हणून तो रुंद केला गेला, १९६६ च्या बॉडीत तो असूच शकत नाही. मग पुढच्या काचेखाली मधोमध माझं बोट धरून फिरवलं, पेंटखाली रुपयाच्या नाण्यापेक्षा लहान गोल उंचवटा लागला. तिसऱ्या वायपरचं बुजवलेलं भोक. तीन वायपर साठच्या दशकाच्या शेवटी अमेरिकेला जाणाऱ्या रोडस्टरना आले. चासी नंबरची प्लेट जुनी, तिचे रिव्हेट मात्र नवे चकचकीत.

म्हणजे कुणाची तरी खरी १९६६ ची गाडी गंजून संपली, तिचे कागद, प्लेट आणि नंबर तेवढे ठेवले आणि अमेरिकेतून आणलेल्या लेफ्ट हँड ड्राइव्ह गाडीचं स्टिअरिंग उजवीकडे घेऊन तिला ते नाव लावलं. इथे याला रिंगर म्हणतात. फाइलमधला एकही कागद खोटा नव्हता हो, फक्त तो या गाडीचा नव्हता.

सगळ्यात जास्त चटका याचा बसतो की हे फुकटात दोन मिनिटांत कळलं असतं. एमओटीचा रेकॉर्ड २००५ पासून सरकारी साइटवर नंबर टाकला की दिसतो. काका दर उन्हाळ्यात गाडी कॉट्सवोल्ड्सला न्यायचे म्हणे, पण चाळीस वर्षांवरच्या गाड्यांना सूट मिळाली २०१८ मध्ये, त्याआधी दरवर्षी टेस्ट लागायचीच, आणि या नंबरवर एकही टेस्ट नाही. मी ते नंतर बघितलं. आधी बघा. सोबत एखादा एमजीबीचा माणूस न्या आणि त्याला फाइल दाखवायच्या आधी गाडीखाली घाला.

डीलरकडून घेतली असती तर सदोष किंवा सांगितल्यासारखी नसलेली गाडी तीस दिवसांत परत करायचा हक्क होता, याने प्रायव्हेट सेल म्हणून विकली. त्याचा फोन बंद आहे. पोलिसात तक्रार दिली, डीव्हीएलएला (गाड्यांची नोंदणी करणाऱ्या सरकारी संस्थेला) स्वतःहून कळवलं, ओळख संशयास्पद ठरली तर क्यू ने सुरू होणारा नंबर मिळेल आणि मग तिची किंमत काय राहील ते सांगायला नको.

फाइलच्या कॉपी पोलिसांना दिल्यात, मूळ फोटो माझ्याकडे आहे. त्या जोडप्याच्या घरातलं कुणी भेटलं तर तो त्यांना परत द्यायचाय, त्यांची खरी गाडी कुठे मोडीत गेली हे त्यांनाही माहीत नसेल.