वॉल्थर पीपी, मकारोव्ह, सीझेड ८३: काही महिने चालवल्यानंतर

टेक्ससमध्ये पिस्तूल घ्यायला गेलात की दुकानदार आधी प्लास्टिक फ्रेमचं नवं ९ एमएम पुढे करतो, आणि व्यवहारी माणूस ते घेऊन घरी येतो. मला जुनं, पोलादी, कोटाच्या खिशात मावेल असं युरोपीय पिस्तूल हवं होतं. एकावर भागलं नाही, हे ओघाने आलंच. मागच्या थंडीपासून तीन पिस्तुलं आलटून पालटून रेंजवर नेतोय: ७.६५ मिमीचं, म्हणजे आपल्याकडच्या .३२ बोअरचं वॉल्थर पीपी, बल्गेरियन मकारोव्ह आणि .३२ मधलंच सीझेड ८३.

तिन्ही ब्लोबॅक जातीची. नळी फ्रेमला पक्की असते आणि गोळी सुटताना स्लाईड, म्हणजे वरचा मागे-पुढे सरकणारा भाग, नळीत अडकवलेली नसते. तिला थोपवतं ते तिचं वजन आणि स्प्रिंग, बस. त्यामुळे भाग मोजके आणि नळी जागची हलत नाही. पण छोटं पिस्तूल, छोटी गोळी, म्हणजे धक्काही छोटा असा हिशोब कुणी करत असेल तर तो लगेच सोडून द्यावा. मकारोव्हचा धक्का तळहातात चापट मारल्यासारखा थेट येतो. त्याच रेंजवर मित्राचं मोठं सीझेड ७५ चालवलं, तर जास्त ताकदीचं ९ एमएम असूनही ते मऊ लागलं, कारण त्यात नळी आणि स्लाईड सुरुवातीला एकमेकांत अडकून मागे सरकतात. शिवाय ब्लोबॅकची स्प्रिंग कडक, त्यामुळे स्लाईड ओढायला मनगटात जोर लागतो. बोटं आखडत असतील तर दुकानातच ओढून बघा.

वॉल्थर पीपी १९२९ सालचं डिझाईन. माझ्या पिस्तुलावर उल्मचा, म्हणजे युद्धानंतर वॉल्थर ज्या जर्मन गावात गेली तिथला, शिक्का आहे, पश्चिम जर्मन पोलिसांनी सेवेतून काढलेलं. महायुद्धानंतर वॉल्थरचा मूळ झेला-मेहलिसचा कारखाना रशियन ताब्यातल्या भागात गेला आणि जर्मनीत शस्त्रं बनवायला बंदी आली, म्हणून पीपीचं काम फ्रान्समधल्या म्यूलूझच्या मानुऱ्हां कंपनीकडे गेलं. पुढे उल्मच्या शिक्क्याची कित्येक पिस्तुलंही प्रत्यक्षात तिथेच घडलेली. १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकमधल्या हत्याकांडानंतर जर्मन पोलिसांना ७.६५ अपुरं वाटू लागलं, ९ एमएमची नवी पिस्तुलं आली, आणि ही जुनी हळूहळू बाजारात उतरली.

हातात घेतल्यावर कळतं, लोक याच्यावर का भाळतात. स्लाईडच्या माथ्यावर बारीक नागमोडी रेघा कोरल्यात, नेम धरताना उजेड चमकू नये म्हणून. घोड्याच्या, म्हणजे मागच्या हॅमरच्या (ट्रिगरच्या नव्हे), वर एक पोलादी टाचणी आहे. चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी, काडतूस असलं की ती किंचित बाहेर येते आणि अंधारातही अंगठ्याला लागते. इतका साधा, उपयोगी तपशील आजच्या किती पिस्तुलांत सापडतो? आता उणी बाजू. पहिल्या गोळीचा ट्रिगर लांब आणि चांगलाच जड, कारण तो घोडाही मागे ओढतो. पहिली गोळी खाली डावीकडे आणि दुसरी मधोमध, हे माझं नेहमीचं. माशी, म्हणजे नळीच्या टोकाशी नेम धरायचा खुंट, इतकी बारीक की चाळिशी लागलेल्याने तिच्याशी भांडू नये. मी बायकोच्या नेलपॉलिशचा पांढरा ठिपका दिलाय, बरं चाललंय. आणि ज्यांचा पंजा मांसल आहे त्यांना स्लाईड चावते. अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या कातडीवर दोन समांतर लाल रेघा उठतात. मूठ थोडी खाली धरली की सुटका, पण मग नेम वर जातो.

.३२ चं काडतूस जॉन ब्राउनिंगचं, १८९९ चं. त्याच्या बुडाची कड किंचित बाहेर असते. मॅगझीनमध्ये वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या मागे गेली की दोन्ही अडकून बसतात आणि मॅगझीन काढल्याशिवाय इलाज नाही. हा त्रास आखूड, पोकळ टोकाच्या गोळ्यांनी जास्त होतो. मी गोल टोकाची युरोपीय काडतुसं वापरतो. ती अमेरिकन काडतुसांपेक्षा जरा जोमदार भरलेली असतात आणि स्लाईड नीट मागे जाते.

मकारोव्हबद्दल थोडक्यात: १९५१ पासून सोव्हिएत सैन्यात, ७३० ग्रॅम, आठ गोळ्या, आणि मोडायचं नाव नाही. कंजूषपणा पाहण्यासारखा आहे. घोड्याची चपटी स्प्रिंगच मुठीच्या तळाशी मॅगझीन धरून ठेवते. पण त्यामुळे मॅगझीन काढायला दुसरा हात लागतो. काडतूसही याचं वेगळंच. नाव ९ मिमी, पण गोळीचा व्यास जवळपास ९.२५, म्हणजे नेहमीचं ९ एमएम यात चालत नाही. पिस्तूल म्हणून दहापैकी आठ, रेंजवरची मजा म्हणून पाच.

सीझेड ८३ दिसायला गबाळं, चालवायला तिघांत सरस. .३२ मध्ये मॅगझीनला पंधरा गोळ्या, पूर्ण पोलाद, मूठ भरगच्च; .३२ चा धक्का त्या वजनात विरूनच जातो. मॅगझीनचं बटण आणि सेफ्टी दोन्ही बाजूंना, डावखुऱ्यांना बरं. घोडा मागे ठेवून सेफ्टी लावता येते, म्हणजे पहिलीच गोळी हलक्या ट्रिगरने सुटते. नवखा पाहुणा रेंजवर आला की मी हेच देतो. रिकाम्या चेंबरवर घोडा पाडत बसू नका मात्र. याची फायरिंग पिन, म्हणजे काडतुसावर आदळणारी टाचणी, त्याने तुटते. डमी काडतुसं ठेवा.

सेफ्टीचा घोळ सांगायला हवा. वॉल्थरची खाली केली की पिस्तूल बंद, मकारोव्हची वर केली की बंद. सीझेडचीही वर, पण ती बाकी दोघांसारखी घोडा सुरक्षित खाली आणत नाही. त्यामुळे एका फेरीला एकच पिस्तूल नेतो. उघडायची तऱ्हा मात्र तिघांची एकच: मॅगझीन काढून, चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने तपासून, ट्रिगर गार्ड खाली ओढायचा आणि स्लाईड मागे घेऊन उचलायची.

भारतातल्या वाचकांना यात रस असेल तो .३२ मुळे. सामान्य परवान्यावर ९ एमएम पॅराबेलम, म्हणजे नेहमीचं ९ एमएम, मिळत नाही, .३२ मिळतं, आणि १९८० च्या दशकात आयात बंद झाल्यापासून तिथली जुनी वॉल्थर हातोहात फिरतात, लाखांच्या किमतीत. त्या पैशांत तुम्ही शिक्का विकत घेता, नेमबाजी नाही. घ्यायचंच असेल तर स्लाईड आणि फ्रेमवरचे नंबर जुळतात का पाहा, नळीत उजेड धरून आतल्या आट्या (गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा) धारदार आहेत का बघा, आणि किती मॅगझीन सोबत येतात ते आधी विचारा. मूळ वॉल्थरचं एक जादा मॅगझीन मला इथेही सहज मिळालं नाही, आणि जे नकली मिळालं त्यात सहावी गोळी हमखास अडकते.

मकारोव्ह विकायला काढलंय. वॉल्थर ठेवतोय, पण काडतुसांचा पुढचा डबा सीझेडच्या वाट्याला.