ग्वानाह्वातो की सान मिगेल? मोडकं स्पॅनिश कुठे चालवावं

मेक्सिकोत जायचं, पण कान्कूनच्या वाळूत लोळायला नाही. एखादं जुनं शहर पायी पाहायचं आणि वर्षभर घोकलेलं स्पॅनिश एकदाचं तोंडातून बाहेर काढायचं. असा बेत करणारे आमच्या ह्यूस्टनच्या मित्रमंडळींत तीन-चार जण तरी आहेत. सगळ्यांची गाडी एकाच प्रश्नाशी अडते: ग्वानाह्वातो की सान मिगेल दे आयेंदे? दोन्ही एकाच राज्यात, एकमेकांपासून बसने दीडेक तासावर, दोन्ही जागतिक वारसा यादीत (पहिलं १९८८ साली, दुसरं २००८ साली). आम्ही नवरा-बायको दोन्हीकडे चार-चार रात्री राहिलो. तेवढ्यावर काय सांगता येईल ते सांगतो.

देखणेपणात सान मिगेल पुढे आहे, उगाच वाद नको. चौकातलं ते गुलाबी चर्च, पारोकिया. त्याचा दर्शनी भाग १८८०च्या दशकात सेफेरिनो गुतिएरेस नावाच्या स्थानिक गवंड्याने उभारला, म्हणे युरोपातल्या चर्चची चित्रं बघून. संध्याकाळच्या उन्हात समोरच्या बाकावर बसलं की उठवत नाही. गच्चीवरची उपाहारगृहं उत्तम, मेन्यूत शाकाहारी पदार्थांपुढे हिरवं पान काढलेलं. आमची खोलीही छान होती, मात्र ग्वानाह्वातोच्या खोलीच्या जवळजवळ दीडपट पैसे पडले.

मग अडलं कुठे? एका बेकरीत. मी रांगेत उभा राहून मनातल्या मनात वाक्य तीनदा घोळवलं होतं: ‘दोस कोंचास इ उन काफे दे ओया, पोर फावोर.’ दोन गोड पाव आणि दालचिनी घातलेली मडक्यातली कॉफी. वाक्य न अडखळता बाहेर पडलं. काउंटरवरच्या मुलीने हसून विचारलं, ‘फॉर हिअर ऑर टू गो?’ मी पुन्हा स्पॅनिशमध्ये, ती पुन्हा इंग्रजीत. दादरला मराठीत भाव विचारावा आणि उत्तर हिंदीत यावं, तेव्हा जी बारीक चिडचिड होते ना, अगदी तीच. फरक एवढाच की इथे उपरा मीच होतो, त्यामुळे तक्रार तरी कुणाकडे करणार?

त्या मुलीचा दोष नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सैनिक सरकारी शिष्यवृत्तीवर इथे चित्रकला शिकायला येऊ लागले, त्यांच्या मागोमाग कलावंत आले, मग निवृत्त मंडळी येऊन स्थायिक झाली. गिऱ्हाइकाचा वेळ वाचवायला पटकन इंग्रजी बोलणं हा तिथे सौजन्याचाच भाग आहे. पण चार दिवसांत मला पूर्ण वाक्यं बोलायला मिळाली ती फक्त भाजीबाजारात आणि एका टॅक्सीत. बाकी सगळीकडे ‘ग्रासियास’वर, म्हणजे धन्यवादावर, भागलं. तेवढ्यासाठी वर्षभर पहाटे उठून धातू चालवायची गरज नव्हती.

ग्वानाह्वातोतही इंग्रजी जाणणारे आहेत, नाही असं नाही. विद्यापीठाचं गाव आहे. पण बोलायला सुरुवात स्पॅनिशनेच होते, आणि तुम्ही अडखळलात तर समोरचा भाषा बदलत नाही, वेग कमी करतो. माझ्या लेखी हा फरक मोठा आहे.

शिवाय हे गाव तुम्हाला बोलायला लावतं. दरीत वसलेलं, गल्ल्या जिन्यांसारख्या, आणि खाली बोगद्यांचं वेगळंच जाळं. एकेकाळी नदी गावात पूर आणायची. पुढे तिचं पाणी दुसरीकडे वळवलं आणि १९६०च्या दशकात तिच्या जुन्या पात्रातून रस्ता काढला. गाड्या आणि बसथांबे जमिनीखाली, त्यामुळे फोनवरचा नकाशा हात टेकतो. पहिल्याच दिवशी एका बाईंना वाट विचारली. त्या म्हणाल्या, ‘देरेचो.’ मी ऐकलं ‘देरेचा’. ‘देरेचो’ म्हणजे सरळ, ‘देरेचा’ म्हणजे उजवीकडे. एका स्वरापायी मी बॅग घेऊन शंभरेक पायऱ्या चढलो आणि बायकोचे जे शब्द ऐकले ते कुठल्याही भाषेत लिहिण्यासारखे नाहीत. वरच्या घरासमोर बसलेल्या आजोबांनी हातवारे करून दोन्ही शब्द पाच-पाच वेळा म्हणून घेतले. आता जन्मात चुकणार नाही. त्यानंतर कळलं की तिथे डावं-उजवं सांगतातच कमी. ‘आरीबा’, ‘आबाहो’. वर, खाली. आपल्या कोकणातल्या वरच्या आळी-खालच्या आळीसारखं.

मराठी माणसाला एक फायदा असतो, तोही समोरचा स्पॅनिशमध्ये टिकून राहिला तरच मिळतो. ‘मे गुस्ता ला तोर्तिया, मे गुस्तान लास तोर्तियास’ हे पाठ करताना माझ्या वर्गातले अमेरिकन घामाघूम व्हायचे. आपल्याला त्यात काय? मला पोळी आवडते, मला पोळ्या आवडतात. क्रियापद पोळीच्या मागे जातं, आपल्या नाही. तू आणि तुम्ही वेगळे असतात हेही कुणी शिकवावं लागत नाही. त, द तर दाताला जीभ लावून आपण जन्मापासूनच म्हणतो. ग्वानाह्वातोत ज्या घरी राहिलो तिथल्या वयस्कर मालकीणबाईंशी रोज सकाळी अर्धा तास या भांडवलावर गप्पा झाल्या. साबणाला त्या ‘हाबोन’ म्हणाल्या. आपला ‘साबण’ही त्याच कुळातला, हे मी त्यांना कसंबसं समजावलं. त्यांना किती कळलं देव जाणे.

ग्वानाह्वातोतल्या अलोंदिगा या जुन्या धान्यकोठारात गेलो तेव्हा पहारेकऱ्याने इमारतीचा कोपरा दाखवत काहीतरी भराभर सांगितलं. मला दोनच गोष्टी कळल्या: ‘काबेसा’, डोकं, आणि ‘दिएस आन्योस’, दहा वर्षं. मेक्सिकोच्या स्वातंत्र्ययुद्धातला इग्नासिओ आयेंदे जन्मला सान मिगेलला (गावाच्या नावातला आयेंदे तो हाच), पण त्याचं कापलेलं डोकं १८२१ पर्यंत टांगलेलं होतं ते ग्वानाह्वातोच्या या कोपऱ्यावर. इदाल्गो, आल्दामा आणि हिमेनेस या त्याच्या साथीदारांची उरलेल्या तीन कोपऱ्यांवर.

ग्वानाह्वातोचे त्रासही सांगायला हवेत. गुडघे दुखत असतील तर विचार करा, जरी सान मिगेलचे गोटे काही फार दयाळू नाहीत. रात्री विद्यार्थ्यांचे गाणारे ताफे काळे झगे घालून गल्लीबोळांतून फिरतात. पहिल्या रात्री मजा वाटते, तिसऱ्या रात्री खिडकी लावावी लागते. ऑक्टोबरात सेर्वांतिनो हा कला महोत्सव असतो, १९७२ पासून. तेव्हा खोली मिळणं मुश्कील आणि गप्पा मारायला कुणाला सवड नसते.

आणि खाण्याचं. हिरवं पान विसरा. ‘सिन कार्ने’, म्हणजे मांस नको, असं म्हटल्यावर माझ्या ताटात हॅम आलं, कारण हॅम म्हणजे कार्ने नाही. दुसऱ्या दिवसापासून वाक्य लांबवलं: कार्ने नको, चिकन नको, हॅम नको, घेवड्यात डुकराची चरबी आहे का? या यादीने माझं उच्चारण जितकं सुधारलं तितकं कुठल्या वर्गाने सुधारलं नसेल. बक्षीस म्हणून एन्चिलादास मिनेरास मिळाल्या, चीज भरलेल्या, वर बटाटा आणि गाजर. खाणकामगारांचं जेवण ते.

स्पॅनिश अजून ‘ओला’पुरतंच असेल, किंवा आईवडील सोबत असतील, तर मी सान मिगेलच सुचवेन. पण पन्नासेक वाक्यं खिशात असतील तर ती तिथे खर्चच होत नाहीत.

आमची फेब्रुवारीची तिकिटं काढून झालीत. मुक्काम त्याच मालकीणबाईंकडे. बायकोला त्या गुलाबी चर्चसमोर एक संध्याकाळ हवी आहे, तेव्हा एक दिवस बसने जाऊन येऊ. बेकरीत मात्र या वेळी तीच बोलणार आहे.