मीटर चांगलं, फिटिंग मात्र रद्दी

इंदूरला देवास नाक्यावरच्या एका दुकानातून ट्रकला एग्झॉस्ट टेंपरेचरचं (इंजिनातून निघणाऱ्या धुराच्या तापमानाचं) डिजिटल मीटर बसवलं. धामनोदकडून गणपती घाट लोड गाडीने चढलो तरी आकडा ६२० अंश सेल्सिअसच्या वर जाईना, मी खूश, पण धूर काळाकुट्ट आणि पिकअप गायब, म्हणजे काहीतरी लोचा होताच ना. थंड गाडीत सेन्सर काढून उकळत्या पाण्यात धरला तर बरोबर ९८ (आपल्याकडे उंचीमुळे १०० नाही होत). मग वायर उघडली, पठ्ठ्याने के-टाइप वायर (सेन्सरच्याच धातूंची खास वायर) कमी पडली म्हणून साधी तांब्याची जोडलेली, तीही टर्बोशेजारी (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात हवा भरणारा पंखा, भयंकर तापतो)! जोड तापला की आकडा तेवढाच कमी दिसणार. स्वतः अख्खी वायर बदलली, आता त्याच घाटात ६९० दाखवतं. टर्बोच्या आधी सेन्सर असेल तर ७०० च्या आसपास मी गिअर पाडतो, जास्त तापून वितळले तर पिस्टन काय फुकट येतात का. मीटरला चार स्टार, फिटिंगला एकही नाही.