घडीची रंगपेटी : रोजच्या तैलचित्रासाठी अकरा महिने वापरल्यानंतर

सरस्वतीपूजनात पुस्तकांशेजारी ठेवलेली ही पेटी मी दसऱ्याच्या सकाळी पहिल्यांदा उघडली आणि आज चवथीची माटोळी (गणपतीवर टांगलेली फळाफुलांची आरास) उतरल्यानंतर तिच्याविषयी लिहीत आहे. मधल्या ३२४ दिवसांत तिच्यावर २३१ तैलचित्रे झाली, म्हणजे ९३ दिवस कोरडे गेले. रोज एक चित्र करण्याचा संकल्प या हिशेबाने मोडलाच आहे; मात्र त्याआधीच्या तीन वर्षांत मिळून माझी साठ चित्रेही झाली नव्हती. पेटी ऑनलाइन मागवली होती आणि तिला साडेचार हजार रुपये पडले. याच बनावटीच्या पेट्या अनेक नावांनी विकल्या जात असल्यामुळे विक्रेत्याचे नाव देण्यात अर्थ नाही.

बाहेरून ती जाडजूड शब्दकोशासारखी दिसते. झाकण उघडून हव्या त्या कोनात थांबवता येते आणि झाकणाच्या आतल्या बाजूला ६ बाय ८ इंचांची फळी दोन पट्ट्यांमध्ये धरली जाते. खालच्या अर्ध्या भागात रंग मिसळण्याची लाकडी पाटी असून तिच्याखाली नळ्या आणि आखूड दांड्यांचे ब्रश मावतात. तळाला कॅमेऱ्याच्या तिपाईचा स्क्रू बसेल अशी पितळी चकती आहे. झाकणामागच्या खाचेत आणखी दोन ओली चित्रे एकमेकांना न चिकटता राहतात, आणि गोव्यात मार्दोळहून फोंड्याला बसने नोकरीला जाणाऱ्या माझ्यासारखीला ही सोय फार मोलाची वाटते.

पेटी घेण्यामागचे कारण साधे होते. रोज लहानसे तैलचित्र करून ते इंटरनेटवर ठेवण्याची पद्धत अमेरिकी चित्रकार ड्वेन कायझर यांनी डिसेंबर २००४ मध्ये सुरू केली आणि पुढे ती अनेक देशांतल्या चित्रकारांनी उचलली. त्यांची चित्रे पोस्टकार्डाएवढी असत. मला मात्र पूर्वी इझल (चित्र टेकवायची घोडी) मांडणे, टेबलावर वर्तमानपत्र पसरणे, नळ्या काढणे आणि शेवटी सगळे पुसून जेवणासाठी टेबल मोकळे करणे यांत मिळून चाळीस मिनिटे लागत. घरात दोन शाळकरी मुले, सासूबाई आणि माझी नोकरी असताना एखादा मोकळा तास मिळाला तरी त्यातली चाळीस मिनिटे मांडामांडीत घालवण्याची इच्छा होत नसे, आणि मी त्याला स्वतःचा आळस समजत असे. पेटी आल्यावर घड्याळ लावून पाहिले, तेव्हा झाकण उघडण्यापासून पहिला रंग फळीवर लागेपर्यंत चार मिनिटे लागली. माझा सराव टिकला तो या चार मिनिटांमुळे. माझ्या स्वभावात काही पालट झाल्याचे घरातल्या कोणीही कबूल करणार नाही.

अर्थात चार मिनिटांचे हे गणित पाटीवरचे रंग ओले राहिले तरच जमते. तैलरंग पाण्यासारखे उडून सुकत नाहीत. त्यांतील अळशीचे तेल हवेतला प्राणवायू घेऊन हळूहळू घट्ट होते, आणि कोणता रंग किती दिवसांत सुकेल हे त्यातील रंगद्रव्यावरही अवलंबून असते. अंबर हा तपकिरी रंग आपल्यातल्या मँगनीजमुळे लवकर सुकतो, तर टिटॅनियम पांढरा आणि कॅडमियमचे रंग बरेच दिवस ओले राहतात. मी टिटॅनियम पांढरा, कॅडमियम पिवळा, कॅडमियम लाल, ॲलिझरीनच्या छटेचा टिकाऊ किरमिजी, अल्ट्रामरीन निळा आणि तांबूस तपकिरी बर्न्ट सिएना असे सहाच रंग ठेवले. काळ्याची नळी घेतलीच नाही, कारण अल्ट्रामरीनमध्ये बर्न्ट सिएना मिसळला की हवा तितका गडद रंग मिळतो. आमच्या भागातल्या चिऱ्याच्या भिंतींसाठी तर बर्न्ट सिएनात किंचित लाल आणि पांढरा एवढेच पुरते. पावसाळ्यातला हिरवा अधिक अवघड आहे. नळीतला तयार हिरवा वापरला की शेत प्लॅस्टिकचे दिसू लागते, म्हणून पिवळा आणि अल्ट्रामरीन मिसळून त्यात सिएनाचा कण टाकावा लागतो.

रंग ओले ठेवण्यासाठी पहिल्या महिन्यात मी पाटी घट्ट झाकणाच्या डब्यात घालून फ्रीजरमध्ये ठेवत असे. थंडीत तेलाची प्रक्रिया मंदावते, त्यामुळे हा उपाय लागू पडतो, परंतु बांगडे माशांच्या शेजारी कॅडमियम ठेवलेले सासूबाईंना आवडले नाही आणि विचार केल्यावर मलाही आवडले नाही. आता पेटीच्या कोपऱ्यात बाटलीच्या झाकणात कापसाचा बोळा ठेवते आणि त्यावर लवंगेच्या तेलाचे दोन थेंब टाकते. लवंगेतले युजेनॉल ऑक्सिडीकरण रोखते, त्यामुळे बंद पेटीत रंगांवर साय धरायला आठवडा लागतो. हे तेल थेट रंगात मिसळण्याचा मोह मात्र टाळावा. मी दोनदा मिसळले आणि ती दोन्ही चित्रे पंधरा दिवसांनंतरही बोटाला लागत होती.

जूनपर्यंत पेटीविषयी माझी एकही तक्रार नव्हती. पाऊस लागला आणि दुसऱ्याच आठवड्यात खालचा खण उघडेना. लाकूड दमटपणाने फुगले होते, आणि बनवणाऱ्याने खण व चौकट यांच्यामध्ये नखाएवढीही फट ठेवली नव्हती. कोरड्या हवेत ही चोख कारागिरी दिसते, गोव्यात ती चूक ठरते. पाठोपाठ बिजागऱ्यांच्या स्क्रूंवर गंज चढला आणि झाकण कोनात थांबेनासे झाले. ऐन चित्राच्या मध्यावर ते सावकाश मागे कलंडू लागले, आणि एकदा फणसाचे गरे रंगवत असताना फळी रंगासकट माझ्या मांडीवर आली. गावातल्या मेस्तांकडे, म्हणजे सुतारांकडे, पेटी नेली तेव्हा त्यांनी तिच्याकडे पाहून ‘बाय, हें लांकूड पावसांत फुगतलेंच’ एवढेच म्हटले. त्यांनी खणाच्या कडा रंध्याने तासल्या, उघड्या लाकडाला पॉलिश दिले आणि सगळे स्क्रू पितळेचे बसवले. या दुरुस्तीचे सातशे रुपये मी पेटीच्या किमतीतच धरते. किनारपट्टीवर राहणाऱ्या ग्राहकाने पेटी घेतल्याबरोबर, पाऊस यायच्या आधीच, हे काम करून घ्यावे.

नळ्यांची झाकणेही याच दिवसांत अडकू लागली. मळसूत्रात रंग राहिला तर तो सुकून सिमेंटासारखा घट्ट होतो. ताकद लावून पिळल्यास नळी फाटते. झाकण गरम पाण्यात मिनिटभर बुडवले की सुटते. पिळता येणारी धातूची नळी अमेरिकी चित्रकार जॉन गॉफ रँड यांनी १८४१ मध्ये काढली आणि त्यापूर्वी चित्रकार डुकराच्या मूत्राशयाच्या पिशव्यांतून रंग बाळगत असत हे वाचल्यापासून झाकणांविषयी कुरकुर करणे मी थांबवले आहे.

पावसाळ्यातला खरा त्रास पेटीपेक्षा फळ्यांनी दिला. मी एमडीएफच्या (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या) फळ्या कापून आणते आणि त्यांना ॲक्रिलिक जेसोचे, म्हणजे रंगाखालच्या पांढऱ्या अस्तराचे, दोन हात देते. सुरुवातीला फक्त दर्शनी बाजूला जेसो देत होते. जुलैत त्या फळ्या कडांनी फुगल्या आणि मागच्या बाजूला करड्या बुरशीचे ठिपके उठले. आता पुढची बाजू, मागची बाजू आणि चारही कडा बंद केल्याशिवाय फळी वापरत नाही. एरवी आठवड्यात हाताळता येणारी चित्रे जुलैमध्ये बारा-तेरा दिवस ओली राहिली, त्यामुळे ती ठेवायची कुठे हा प्रश्न उभा राहिला. स्वयंपाकघराच्या दाराशी असलेले जुने ताटाळे मी त्यासाठी मागून घेतले. ताटे उभी राहतात तशीच फळ्याही उभ्या राहतात. कपाटात बंद ठेवलेल्या काही चित्रांतला पांढरा पिवळसर झाला, तेव्हा मी घाबरले, पण अळशीचे तेल अंधारात पिवळे पडते आणि उजेडात ठेवल्यावर तो पिवळेपणा बराचसा उतरतो. खिडकीशी आठवडाभर ठेवल्यावर ती चित्रे सुधारली.

एक गोष्ट पेटीबरोबर आलेल्या कागदावर ठळक छापायला हवी होती, पण तिचा तेथे उल्लेखही नाही. सासूबाईंना टर्पेंटाइनचा वास सोसत नाही, म्हणून मी ब्रश चिंधीने पुसून करडईच्या तेलात घोळवते आणि शेवटी साबणाने धुते. विद्रावकाशिवाय काम उत्तम चालते, मात्र तेलाने माखलेल्या चिंध्या साठत जातात. मार्चमधल्या एका दुपारी चिंध्यांची पिशवी उचलली तेव्हा ती हाताला चांगलीच गरम लागली. सुकणारे तेल प्राणवायू घेताना उष्णता सोडते, आणि चुरगळलेल्या कापडाच्या गोळ्यात ती उष्णता कोंडली तर ठिणगीशिवायही ते कापड पेट घेऊ शकते. त्या दिवसापासून चिंध्या पाण्याने भरलेल्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाकते. ज्यांच्या घरात चित्रकलेची खोली वेगळी नसते, त्यांनी पेटीच्या आधी असा डबा घ्यावा.

कोरड्या गेलेल्या ९३ दिवसांपैकी १९ दिवस सलग फेब्रुवारीतले आहेत. सासूबाई न्हाणीघरात घसरून पडल्या, खुब्याचे हाड मोडले आणि शस्त्रक्रिया झाली. मी पेटी पिशवीत घालून रुग्णालयात नेली होती, आणि वॉर्डात तिचे झाकण उघडताच परिचारिकेने तेलाच्या वासाबद्दल जे सांगितले ते रास्तच होते. त्या काळात मी पेन्सिलनेही काही काढले नाही. घरी परतल्यावर पेटी उघडली तर पांढऱ्यासह सगळ्या रंगांवर जाड साय आली होती. चार मिनिटांचे काम त्या दिवशी पाऊण तासाचे झाले आणि चित्र झालेच नाही. दुसऱ्या दिवशी मी ६ बाय ८ ची फळी बाजूला ठेवून ४ बाय ६ चा तुकडा घेतला आणि सासूबाईंच्या उशाशी ठेवलेला पाण्याचा तांब्या वीस मिनिटांत रंगवला. चित्र वाईट होते. सासूबाईंनी ते पाहून ‘तांब्या गळतो की काय?’ असे विचारले. तरी पुढचे सत्तावीस दिवस खंड पडला नाही. तेव्हापासून पेटीत लहान फळ्यांचा एक गठ्ठा असतो, आणि पाहुणे, परीक्षा, ताप किंवा जत्रेच्या दिवशी मी त्यातलीच एक काढते.

वीज जाण्याविषयी फार लिहीत नाही, कारण जूनमध्ये आमच्याकडे तो नित्याचा कार्यक्रम असतो. चार्जिंगचा एलईडी दिवा घेताना त्याचा सीआरआय (रंग किती खरे दिसतात याचा आकडा) ९० च्या वर आहे एवढे पाहावे. पहिल्या स्वस्त दिव्याखाली केलेले जास्वंदीचे चित्र सकाळी विटकरी निघाले.

आता पेटीच्या त्या उणिवेविषयी, जी कोणताही मेस्त दुरुस्त करू शकणार नाही. २३१ चित्रांपैकी बहुतेक चित्रे टेबलावर मावणाऱ्या वस्तूंची आहेत: लिंबे, तांब्या, पोयी (गोव्याचा पाव), माडाची शहाळी, मार्दोळच्या जायांचा गजरा, यंदाच्या माटोळीतली माट्टुळी आणि निरफणस. एप्रिलमध्ये पणजीला फोंताईन्हस या जुन्या वस्तीत फुंदासांव ओरियेंत या पोर्तुगीज संस्थेकडच्या संग्रहातली गोव्याचे चित्रकार आंतोनियो शावियेर त्रिंदाद यांची चित्रे पाहिली. सांग्यात १८७० मध्ये जन्मलेले त्रिंदाद मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकले आणि पुढे तेथेच शिकवू लागले. त्यांच्या व्यक्तिचित्रांत पदराची एक कड एकाच लांब फटकाऱ्यात उतरलेली दिसली, आणि तसा फटकारा मारण्यासाठी खांद्यापासून हात फिरावा लागतो हे मला तेथे उभे असताना जाणवले. माझा हात सहा महिन्यांत मनगटापलीकडे गेलाच नव्हता. पेटीने मला रोज बसवले, आणि त्याच वेळी माझे चित्र तिच्या झाकणाएवढे करून ठेवले. आता रविवारी मी जुने इझल मांडते, ती चाळीस मिनिटे मुकाट्याने देते आणि १६ बाय २० च्या कॅनव्हासवर काम करते. ते चित्र रोजच्या मोजणीत धरत नाही.

खर्चाचे सांगायचे तर ४० मिलिलिटरची पांढऱ्याची नळी माझ्याकडे साधारण वीस चित्रे पुरते, इतर रंग त्याच्या दुप्पट-तिप्पट चालतात. ज्यांना घरात कायमची मांडून ठेवता येईल अशी जागा आहे, त्यांनी या पेटीवर पैसे घालू नयेत. त्यांच्यासाठी उघडे टेबलच अधिक सोयीचे आहे. जेवणाचे टेबल दर दोन तासांनी मोकळे करावे लागणाऱ्यांनी मात्र ती अवश्य घ्यावी, आणि स्क्रू पितळेचे आहेत ना हे विचारून घ्यावी.

मी स्वतः हीच पेटी पुन्हा मागवणार नाही. मेस्तांना फणसाच्या लाकडाची, ८ बाय १० ची फळी धरणारी आणि खणाभोवती तीन मिलिमीटरची फट असलेली पेटी सांगून ठेवली आहे. चवथीआधी त्यांना चौरंगांच्या कामातून सवड नव्हती. आता लाकूड कापून माळ्यावर वाळत टाकले आहे आणि दिवाळीपूर्वी त्याला हात लावणार नाही असे त्यांनी बजावले आहे. तोवर जुन्या पेटीचे झाकण मी कपड्याच्या चिमट्याने धरून ठेवते.