जुन्या ऑटोमॅटिक गाडीचा गिअरबॉक्स ओळखून देणारे फोंड्याचे गॅरेज

गेल्या पावसाळ्यात आम्ही २०११ सालची टोयोटा कोरोला अल्टिस जुनी विकत घेतली. विकणाऱ्याने ती ‘सेव्हन स्पीड ऑटोमॅटिक’ असल्याचे सांगितले होते. ओनर्स मॅन्युअल गहाळ होते आणि बॉनेटखालचे स्टिकर दमट हवेने सुटून गेलेले होते. चढावर थांबून पुन्हा निघताना गाडी किंचित थरथरत असे, म्हणून गिअरबॉक्सचे ऑइल बदलावे असे ठरले. ज्या गॅरेजमध्ये आधी गेलो, तिथे ‘ऑटोमॅटिकला एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे नेहमीचे ऑइल) लागते, सगळ्यांना एकच चालते’ असे सांगून डबा काढलासुद्धा होता. मी थांबायला सांगितले, गाडी परत आणली आणि एका नातेवाइकाच्या सांगण्यावरून गोव्यात फोंड्याजवळ बेतोड्याच्या वाटेवरील एका लहान गॅरेजात नेली. हा अभिप्राय त्या गॅरेजविषयी आहे. तिथे दोघेच जण काम करतात आणि आहे तेवढेच काम त्यांना पुरते, म्हणून नाव देऊ नये अशी त्यांची विनंती आहे आणि ती मी पाळतो.

आमच्याकडे कसबी कारागिराला मेस्त म्हणतात. या मेस्तांचा नियम असा की, गिअरबॉक्स नेमका कोणता आहे हे ठरल्याशिवाय चेंबरच्या, म्हणजे गिअरबॉक्सखालच्या ऑइलच्या भांड्याच्या, बोल्टला पाना लावायचा नाही. जुन्या ऑटोमॅटिक गाडीचे काम कोणाच्या हाती द्यावे हे ठरवताना याहून मोठी कसोटी मला तरी दिसत नाही.

त्यांनी प्रथम आरसी मागितली आणि बोट थेट इंजिनच्या क्षमतेच्या रकान्यावर ठेवले. कोरोलाची ही पिढी २००८ साली भारतात आली तेव्हा तिच्यात १७९४ सीसीचे पेट्रोल इंजिन होते आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स चार गिअरांचा होता. पुढे जवळपास त्याच बॉडीत १७९८ सीसीचे इंजिन आले आणि त्याच्या जोडीला सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअर नसलेला, पट्टा आणि पुलींवर चालणारा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आला. दोन्ही गाड्या शेजारी उभ्या केल्या तर सामान्य माणसाला फरक सांगता येणार नाही, पण आरसीवरचा चार सीसींचा फरक पुष्कळ काही सांगतो. आमच्या आरसीवर १७९८ होते. तरीही मेस्तांनी एवढ्यावर निकाल दिला नाही, कारण इतक्या वर्षांच्या गाडीत इंजिन किंवा गिअरबॉक्स मध्येच कोणी बदललेला असू शकतो.

मग त्यांनी बॉडीवरची धातूची लहान प्लेट शोधली. टोयोटाच्या अनेक गाड्यांच्या या प्लेटवर मॉडेल आणि चॅसिस क्रमांकाबरोबर गिअरबॉक्स आणि ॲक्सलचा संकेतांकही असतो. आधीच्या मालकाने गाडी रंगवून घेताना प्लेटही रंगवली गेली होती. मेस्तांनी कापडाच्या टोकाला थेंबभर थिनर लावून अक्षरांवरचा रंग हळूहळू सोडवला, वर पांढरा खडू घासला आणि टॉर्चचा उजेड तिरका धरला, तेव्हा ‘के’ने सुरू होणारा संकेतांक स्पष्ट उमटला. टोयोटाच्या सीव्हीटींना ‘के’ मालिकेतले क्रमांक असतात. चार गिअरांचा असता तर तिथे ‘यू ३४१ ई’ दिसले असते, ज्यातला चार हा आकडा गिअरांची संख्या सांगतो.

यानंतर फर्मागुडीच्या चढावर गाडी चालवून पाहिली. ॲक्सिलरेटर हलका आणि एकसारखा दाबून ठेवला, तर गिअर बदलणाऱ्या ऑटोमॅटिकमध्ये आरपीएमचा काटा प्रत्येक बदलाला खाली येतो. आमचा काटा एका जागी स्थिर होता आणि वेग मात्र वाढत होता. लिव्हर ‘एम’कडे नेल्यावर सात टप्पे मिळतात, ते कंपनीने संगणकाकरवी ठरवून दिलेले आहेत, आत सात गिअर नाहीत. विकणाऱ्याचे ‘सेव्हन स्पीड’ तिथून आले होते. आणखी एक गैरसमज त्यांनी दूर केला: ब्रेक सोडल्यावर गाडी आपोआप पुढे सरकली म्हणजे तो सीव्हीटी नव्हे, असे अनेकजण धरून चालतात, पण टोयोटाच्या या सीव्हीटीतही टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची शक्ती ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग) असतो, त्यामुळे ती सरकतेच.

त्याच वेळी अंगणात कोणाची तरी मारुती सेलेरिओ उभी होती. तिच्या लिव्हरवर ‘पी’ (पार्किंग) नाही हे दाखवून ते म्हणाले, ‘‘ही एएमटी. आत साधा मॅन्युअल गिअरबॉक्स, क्लचही साधाच. फक्त तो दाबायचे काम यंत्र करते.’’

ओळखीसाठी इतका आटापिटा का, याचे उत्तर ऑइलमध्ये आहे. सीव्हीटीत पोलादी पट्टा दोन पुलींमध्ये आवळला जाऊन शक्ती पुढे नेतो. ऑइलने त्याला वंगण द्यायचे असते आणि त्याच वेळी धातूवर धातूची पकडही टिकवायची असते. नेहमीचे एटीएफ क्लचप्लेटांसाठी बनवलेले असते. ते इथे घातले तर पट्टा घसरून पुलींवर ओरखडे उठू शकतात, आणि मग जुन्या गाडीत गिअरबॉक्स बदलण्याचा खर्च गाडीच्या किमतीला भिडतो. आमच्या गाडीत टोयोटाचे सीव्हीटी फ्लुइड टीसी घातले गेले. पातळी पाहण्यासाठी मेस्तांनी स्कॅनरवर ऑइलचे ठरलेले तापमान दिसेपर्यंत वाट पाहिली आणि जास्तीचे ऑइल थेंबाथेंबाने गळू लागल्यावरच बूच बंद केले. चेंबरमधल्या चुंबकांवर नेहमीच्या झिजेची बारीक करडी भुकटी होती, आतले भाग खरवडल्याचा धातूचा किस नव्हता. एवढे पाहून मला हायसे वाटले. निघतानाची थरथर पूर्ण गेली असे म्हणणार नाही, पण चोर्ला घाटातून बेळगावला दोनदा जाऊन आलो, ती बरीच कमी झाली आहे.

उणिवाही सांगायला हव्यात. फोन बहुतेक वेळा उचलला जात नाही. बसायला जागा नाही आणि पाऊस असेल तर उभे राहायलाही नाही. ऑइल मागवण्यात नऊ दिवस गेले, तोवर गाडी घरीच उभी होती. ओळखण्याच्या कामाचे वेगळे ५०० रुपये घेतले, ते मला रास्त वाटले, परंतु पावती मागावी लागली.

जायचे असेल तर सकाळी लवकर जावे, आरसीची मूळ प्रत न्यावी आणि आधी कोणी ऑइल बदलले असल्यास त्याचे बिल किंवा निदान रिकामा डबा सोबत ठेवावा. मेस्त तो डबा आवर्जून मागतात.