प्रिंटएफ आणि केळीची पावती: सात महिने वापरल्यावर

रावेरला आबांचा केळीचा व्यापार. गाडी भरली की शेतकऱ्याला द्यायची वजनाची पावती सात महिन्यांपासून मी सी भाषेतल्या छोट्या प्रोग्रॅममधून काढतो. त्यात मेहनत म्हणावी तर एकट्या प्रिंटएफची, म्हणजे दिलेल्या साच्यात आकडे-मजकूर छापणाऱ्या सीच्या फंक्शनची.

सुरुवातीला डबलमधलं, म्हणजे दशांशातलं, वजन परसेंट डीनं, पूर्णांकाच्या खुणेनं, छापलं आणि भलताच आकडा आला. जीसीसी या कंपायलरच्या वॉर्निंग चालू ठेवल्या असत्या तर तेव्हाच कळलं असतं. तिथं चूक माझीच.

वाद झाला 2.675 क्विंटलवरून. दोन दशांशांवर छापलं तर 2.67. शेतकरी म्हणाला, "काय भो, माझा अर्धा किलो कुठं गेला?" त्याचं बरोबर होतं. 2.675 संगणकाच्या शून्य-एकच्या बायनरीत नेमका बसत नाही, केसभर कमी पडतो, म्हणून प्रिंटएफ खालचा आकडा धरतं. आता वजन ग्रॅममध्ये, पूर्णांकात ठेवतो. किलो आणि उरलेले ग्रॅम वेगळे छापतो, ग्रॅम परसेंट शून्य तीन डीनं, म्हणजे तीन अंक होईपर्यंत आधी शून्य लावून. ते शून्य विसरलात तर 50 ग्रॅमचा पावतीवर अर्धा किलो होतो, आणि मग आबा ओरडतात.

खरी डोकेदुखी मराठी नावांची. गावासाठी परसेंट मायनस वीस एस, म्हणजे डावीकडून भरणारा वीस रुंदीचा रकाना दिला, इंग्रजीत रांगा सरळ, मराठीत वाकड्या. प्रिंटएफ रुंदी बाइटमध्ये मोजतं, आणि यूटीएफ-8 या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रासुद्धा, तीन बाइट खातं. 'पाल' नऊ बाइट, पुढे अकरा मोकळ्या जागा. 'फैजपूर' अठरा, पुढे दोनच. 'मुक्ताईनगर' तीस बाइटचं, ते रुंदीला जुमानतच नाही, कारण ती किमान रुंदी असते. कापून टाकावं म्हणून पॉइंट वीस, म्हणजे जास्तीत जास्त वीस बाइट, लावलं तर 'मुक्ता' आणि पुढे एक फुटका चौकोन: वीस बाइटांत सहा चिन्हं बसली, सातव्या 'ई'चे दोनच बाइट आले.

रुंदीच्या जागी स्टार देऊन, दर नावाला हिशेब करून आकडा पाठवायचं फंक्शनही लिहिलं. पण वेलांटी-उकार कुठं किती जागा घेतात ते फॉन्टच्या मर्जीवर. दोन रविवार त्यात गेले.

शेवटी गावाचा रकाना उचलून ओळीच्या टोकाला नेला. त्याच्या पुढे काही छापायचंच नाही, तर वाकडं काय होणार? आबांना विचारलं, कसं दिसतं? म्हणाले, "आधीपासून असंच का नाही केलं?"